सिलिॲक विकार आणि यकृताची गुंतागुंत : पुण्याच्या वैद्यकीय अनुभवाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

यकृत हा मानवी शरीरातील सर्वांत मोठा अंतर्गत अवयव होय. अन्नरसाचे पचनोत्तर रूपांतर, विषारी द्रव्यांचा निचरा, पित्ताची निर्मिती आणि रक्तातील महत्त्वाच्या प्रथिनांची घडण अशी अनेक कार्ये तो करीत असतो. यकृताचा आजार म्हटला की सर्वसामान्य माणसाच्या मनात कावीळ आणि मद्यपान या दोनच गोष्टी येतात. वैद्यकीय व्यवहारातही विषाणूजन्य कावीळ, मद्य, औषधांचे दुष्परिणाम आणि मेदयुक्त यकृत या कारणांचा शोध प्रथम घेतला जातो व तो योग्यच आहे. परंतु ही सर्व कारणे तपासून झाल्यावरही काही रुग्णांच्या बाबतीत यकृताच्या बिघाडाचा उलगडा होत नाही. अशा रुग्णांच्या कागदपत्रांवर 'कारण अज्ञात' असा शेरा पडतो आणि आजार मात्र पुढे सरकत राहतो.

या 'अज्ञात' कारणांपैकी एक कारण रोजच्या पोळीत दडलेले असू शकते. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे उद्भवणारा सिलिॲक विकार हा प्रामुख्याने लहान आतड्याचा आजार मानला जातो. तथापि त्याचा परिणाम यकृतावरही होतो, हे गेल्या सुमारे पन्नास वर्षांच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. विशेष म्हणजे कारण वेळीच ओळखले गेल्यास यातील बहुसंख्य रुग्णांचे यकृत केवळ आहारातील बदलाने पूर्वस्थितीला येऊ शकते. प्रस्तुत लेखात सिलिॲक विकाराचे स्वरूप, यकृताशी असलेला त्याचा संबंध, निदानाची पद्धती आणि महाराष्ट्रातील आहारपरंपरेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

पुण्याचा पूर्वानुभव : पाणी आणि भांडे :

यकृताच्या आजाराचे मूळ यकृताबाहेर, मुखावाटे शरीरात जाणाऱ्या पदार्थांत शोधण्याची परंपरा पुणे शहराला नवी नाही. १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. १९५५-५६ मध्ये दिल्लीत सांडपाणी मिसळलेल्या पाण्यामुळे काविळीची प्रचंड साथ आली होती. त्या साथीतील रुग्णांच्या रक्तनमुन्यांच्या आधारे झालेला एक अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात या संस्थेतील संशोधकांचा सहभाग होता. ही साथ तोवर ज्ञात असलेल्या 'ए' किंवा 'बी' प्रकारच्या विषाणूंमुळे आलेली नव्हती, असे त्यातून दिसून आले. आज हिपॅटायटिस ई या नावाने परिचित असलेल्या आजाराच्या आकलनातील हा महत्त्वाचा टप्पा होता. येथे यकृताच्या आजाराचे मूळ पाण्यात सापडले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. विसाव्या शतकात भारतातील लहान मुलांमध्ये यकृताचा एक प्राणघातक आजार आढळत असे. त्याला 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' असे नाव पडले होते. साधारणतः एक ते तीन वर्षे वयाच्या बालकांचे पोट फुगे, यकृत कठीण होई आणि बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. एकाच घरातील एकापाठोपाठ एक अपत्ये या आजाराने गेल्याची उदाहरणे होती. पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत या आजाराचा अभ्यास केला. रुग्ण बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतिशय वाढलेले होते. हे तांबे कोठून आले याचा शोध घेता घेता संशोधकांचे लक्ष स्वयंपाकघरातील पितळी भांड्यांकडे गेले. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात गाईचे किंवा म्हशीचे दूध तापवून व साठवून ते तान्ह्या बालकांना पाजले जात होते. दुधातील प्रथिने भांड्यातील तांबे सहज शोषून घेतात. हा संबंध सूचित करणारा त्यांचा शोधनिबंध १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि १९८७ मध्ये रुग्ण व निरोगी बालकांच्या आहारेतिहासाची तुलना करणारा अभ्यास त्यापाठोपाठ आला.

पुढील काळात पितळी भांड्यांची जागा स्टीलच्या भांड्यांनी घेतली, स्तनपानाचा आग्रह वाढला आणि १९९० च्या दशकात हा आजार दुर्मीळ झाला. अर्थात, ज्या ज्या घरात पितळेचे भांडे होते त्या प्रत्येक घरातील मूल आजारी पडले नव्हते. त्यामुळे काही मुलांमध्ये आनुवंशिक दुर्बलताही असावी, असा विचार पुढे मांडला गेला. बाहेरून येणारा पदार्थ आणि शरीरातील आनुवंशिक प्रवृत्ती यांच्या संयोगातून यकृताचा आजार उद्भवतो, ही कल्पना सिलिॲक विकार समजून घेताना उपयुक्त ठरते. पाणी आणि भांडे यांच्यानंतर येथे प्रश्न धान्याचा आहे.

सिलिॲक विकाराचे स्वरूप व इतिहास :

'सिलिॲक' हा शब्द पोट किंवा उदर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. लंडन येथील डॉ. सॅम्युएल जी यांनी १८८८ मध्ये या विकाराचे आधुनिक काळातील पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. रुग्णाचा उपचार आहारातूनच व्हावा लागेल, असे त्यांचे मत होते. परंतु नेमका कोणता पदार्थ अपायकारक आहे, हे त्या काळी ज्ञात नव्हते. ते कोडे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सोडविले. १९३० च्या दशकापासूनच त्यांना गव्हाविषयी शंका येऊ लागली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई निर्माण झाली व पाव मिळेनासा झाला. त्या उपासमारीच्या काळात इतर मुले खंगत असताना सिलिॲक विकाराच्या मुलांची प्रकृती मात्र सुधारल्याचे आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती बिघडल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

गव्हातील ग्लिआडिन व ग्लुटेनिन या प्रथिनांच्या समूहाला ग्लुटेन म्हणतात. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो ग्लुटेनमुळेच. जव आणि राय या धान्यांतही तत्सम प्रथिने असतात. मानवी पाचकरसांना या प्रथिनांचे पूर्ण विघटन करता येत नाही. त्यांचे काही तुकडे तसेच शिल्लक राहतात. बहुसंख्य लोकांना त्यामुळे कोणताही अपाय होत नाही. परंतु ज्यांच्या शरीरात एचएलए-डीक्यू २ किंवा डीक्यू ८ ही आनुवंशिक चिन्हके असतात, त्यांच्यापैकी काहींची प्रतिकारयंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजून त्यांच्यावर हल्ला चढविते. आतड्यातील टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर या तुकड्यांत असा रासायनिक बदल घडविते की प्रतिकारपेशींना ते अधिकच ठळकपणे ओळखू येतात. याच विकराविरुद्ध रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, हे १९९७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले आणि त्यातून आजची रक्ततपासणी विकसित झाली.

या हल्ल्यात लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते. निरोगी अस्तरावर बोटांच्या आकाराचे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषून घेणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. सिलिॲक विकारात हे उंचवटे झिजून अस्तर सपाट होते. परिणामी लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्वे यांचे शोषण घटते. जुलाब, पोटफुगी व मुलांची खुंटलेली वाढ ही या विकाराची पारंपरिक लक्षणे होत. तथापि अनेक प्रौढ रुग्णांत पोटाची तक्रार नसतेच. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा, वंध्यत्व, सततचा थकवा किंवा यकृताच्या तपासणीतील बिघाड एवढेच लक्षण असू शकते.

आतडे आणि यकृत यांचा संबंध :

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त प्रतिहारी शिरेतून येते व ही शीर मुख्यतः आतड्यांकडील रक्त वाहून आणते. आतड्याने जे जे शोषले, ते सर्वप्रथम यकृताच्या दारी येते. निरोगी आतड्याचे अस्तर एखाद्या जागरूक द्वारपालासारखे असते. आवश्यक तेवढेच आत सोडते. सिलिॲक विकारात अस्तराच्या पेशींमधील सांधे सैल होतात. त्यामुळे अर्धवट पचलेली प्रथिने, जिवाणूंचे घटक व दाह निर्माण करणारी द्रव्ये प्रतिहारी शिरेवाटे यकृतात पोहोचतात आणि तेथे सौम्य पण दीर्घकाळ चालणारा दाह सुरू होतो.

ही या संबंधाची एक बाजू झाली. दुसरी बाजू प्रतिपिंडांची आहे. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर यकृतातही असते व सिलिॲक रुग्णांच्या यकृतात त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचे थर आढळले आहेत. तिसरी बाजू आनुवंशिकतेची आहे. ज्या आनुवंशिक घडणीमुळे सिलिॲक विकाराची शक्यता वाढते, तिचे काही घटक यकृताच्या इतर स्वयंप्रतिकार विकारांतही समान असतात. याखेरीज तीव्र कुपोषणामुळे यकृतात चरबी साठते, ही बाब वेगळीच.

यकृतातील बिघाडाचे प्रकार :

सिलिॲक रुग्णांच्या यकृतातील बिघाड एकाच प्रकारचा नसतो. उपचाराच्या दृष्टीने त्याचे पुढील चार प्रकार लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिला व सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे सिलिॲक हिपॅटायटिस. यात रक्तातील एएलटी व एएसटी या यकृतविकरांचे प्रमाण थोडे वाढलेले असते. रुग्णाला कावीळ नसते, बहुधा कोणतीही तक्रारही नसते. १९७७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी ७४ प्रौढ सिलिॲक रुग्णांची तपासणी केली असता सुमारे ३९ टक्के रुग्णांत असा बिघाड आढळला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण २७ टक्के दिसून आले. त्याच विश्लेषणानुसार, यकृतविकरे वाढण्याचे कारण सापडत नसलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४ टक्के रुग्णांना प्रत्यक्षात सिलिॲक विकार होता. आणि ग्लुटेनविरहित आहार घेतल्यावर ६३ ते ९० टक्के रुग्णांची यकृतविकरे एका वर्षाच्या आत पूर्ववत झाली.

दुसरा प्रकार म्हणजे सिलिॲक विकारासोबत असणारे यकृताचे स्वतंत्र स्वयंप्रतिकार विकार. ऑटोइम्यून हिपॅटायटिस व प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस ही त्यांची उदाहरणे होत. येथे आहाराने आतडे सुधारते, पण यकृतासाठी स्वतंत्र औषधोपचार घ्यावाच लागतो. 'गहू सोडला म्हणजे यकृत बरे होईल' अशा समजुतीने औषधे थांबविणे अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

तिसरा प्रकार म्हणजे यकृताचा गंभीर बिघाड. सिऱ्हॉसिस, तसेच प्रतिहारी शिरेतील रक्तदाब वाढण्याचे काही विकार सिलिॲक रुग्णांत आढळले आहेत. भारतातील रुग्णालयांतूनही अशा रुग्णांची नोंद झाली आहे. या संदर्भात फिनलंडमध्ये झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. त्यात यकृताचा गंभीर आजार व उपचार न झालेला सिलिॲक विकार एकत्र असलेल्या चार रुग्णांचे वर्णन आहे. त्यांपैकी तिघांच्या बाबतीत यकृत प्रत्यारोपणाचा विचार चालू होता. ग्लुटेनविरहित आहार सुरू केल्यावर चौघांच्याही यकृताचे कार्य सुधारले. त्याच संशोधकांनी यकृत प्रत्यारोपण झालेल्या १८५ रुग्णांची तपासणी केली तेव्हा त्यांतील ८ जणांना, म्हणजे ४.३ टक्के रुग्णांना सिलिॲक विकार असल्याचे आढळले. चार रुग्णांवरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही, हे खरे. तरीही हा अभ्यास एक गंभीर प्रश्न उपस्थित करतो. पुण्यातील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीवर, किंबहुना देशातील कोणत्याही शहरात, यकृताची वाट पाहणाऱ्या रुग्णांची संख्या दात्यांपेक्षा कितीतरी अधिक असते. अशा यादीतील एखाद्या रुग्णाचा आजार आहाराने सुधारण्याजोगा असेल, तर ते आधीच कळणे त्या रुग्णासाठी आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या पुढच्या रुग्णासाठीही तितकेच मोलाचे ठरते.

चौथा प्रकार उपचारातूनच उद्भवतो. ग्लुटेनविरहित आहार सुरू झाल्यावर आतड्याची शोषणक्षमता सुधारते व वजन वाढू लागते. त्यातच गव्हाऐवजी पांढरा तांदूळ, साबुदाणा, बटाटा, तळलेले पदार्थ व बाजारातील गोड ग्लुटेनविरहित बिस्किटे यांचा अतिरेक झाला तर यकृतात चरबी साठू लागते. सिलिॲक रुग्णांत मेदयुक्त यकृताचा धोका वाढलेला असल्याचे २०१५ मधील स्वीडनच्या मोठ्या अभ्यासातही दिसून आले. म्हणून गहू वर्ज्य करणे एवढ्याने आहारोपचार पूर्ण होत नाही. गव्हाच्या जागी काय घ्यावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

निदानाची पद्धती :

कारण न सापडलेल्या यकृतबिघाडात सिलिॲक विकाराची तपासणी करावी, अशी शिफारस अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूत्रांत केली आहे. तपासणीची पहिली पायरी म्हणजे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रतिपिंडांची रक्ततपासणी. त्यासोबत रक्तातील एकूण आयजीएचे प्रमाणही पाहावे लागते, कारण काही सिलिॲक रुग्णांच्या शरीरात हे प्रतिपिंड मुळातच कमी असते व तपासणी खोटी नकारात्मक येते. दुसरी पायरी म्हणजे दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे घेऊन त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी.

यकृताच्या रुग्णांत या दुसऱ्या पायरीला विशेष महत्त्व आहे. दीर्घकालीन यकृतविकारात रक्ततपासणी काही वेळा खोटी सकारात्मक येऊ शकते. केवळ तेवढ्या अहवालावरून आयुष्यभराचे पथ्य लादणे अनुचित होय. त्याचप्रमाणे तपासणी पूर्ण होण्यापूर्वी रुग्णाने स्वतःच्या मनाने गहू सोडू नये. गहू बंद होताच प्रतिपिंडे हळूहळू घटतात, अस्तर सुधारू लागते आणि नंतर केलेल्या तपासणीतून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. सध्या प्रकृतीसाठी म्हणून गहू सोडण्याची जी प्रथा शहरी वर्गात रूढ होत आहे, तिच्यामुळे खऱ्या रुग्णांचे निदान लांबण्याचा धोका आहे.

आणखी एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. सिलिॲक रुग्णांमध्ये हिपॅटायटिस बी लसीला मिळणारा प्रतिसाद इतरांपेक्षा कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. लस घेतली म्हणजे संरक्षण मिळाले, असे अशा रुग्णांच्या बाबतीत गृहीत न धरता लसीनंतरच्या प्रतिपिंडांची पातळी तपासून घेणे हितावह ठरते.

भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ :

सिलिॲक विकार हा पाश्चात्त्य देशांचा आजार आहे, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. १९६६ मध्ये उत्तर भारतीय मुलांमधील या विकाराचे वर्णन 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले आणि या समजुतीला तडा गेला. २०११ मध्ये दिल्ली परिसरातील लोकसंख्येच्या अभ्यासात सुमारे ९६ व्यक्तींमागे एकाला हा विकार असल्याचे दिसून आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या अभ्यासाने प्रादेशिक तफावत समोर आणली. सिलिॲक विकाराचे प्रमाण उत्तर भारतात दर हजारी सुमारे ८.५, ईशान्य भारतात ४.७ आणि दक्षिण भारतात केवळ ०.१ होते. आनुवंशिक चिन्हके मात्र तिन्ही प्रदेशांतील सुमारे एक तृतीयांश लोकांत आढळली. ठळक फरक गव्हाच्या सेवनात होता. उत्तरेत दररोज सरासरी ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५ ग्रॅम गहू खाल्ला जात होता. गव्हाचे प्रमाण हे एकमेव कारण नसले, तरी प्रवृत्ती असलेल्या शरीरात विकार प्रकट होण्यासाठी धान्याची जोड लागते, हे यातून सूचित होते.

महाराष्ट्र हा या दोन टोकांच्या मधला प्रदेश आहे. देशावर ज्वारी-बाजरी, कोकणात तांदूळ व नाचणी, तर गव्हाची पोळी सणावाराला किंवा शहरी मध्यमवर्गाच्या ताटात, अशी येथील जुनी विभागणी होती. पुरणपोळी हे सणाचे पक्वान्न ठरण्यामागे गव्हाची ही दुर्मीळताही होती. हरितक्रांतीनंतर गहू मुबलक झाला, शिधापत्रिकेवर तो स्वस्तात मिळू लागला, ज्वारीचे क्षेत्र घटत गेले आणि पोळी, पाव व बिस्किटे गावोगाव पोहोचली. पुण्यासारख्या शहरात तर शिक्षण व नोकरीसाठी देशाच्या सर्व भागांतून लोक येतात. त्यामुळे 'हा आजार आपल्याकडे नसतो' हे गृहीतक येथे टिकण्यासारखे नाही.

पुण्याच्या संदर्भात खपली गव्हाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेने गव्हाच्या अनेक वाणांप्रमाणेच एमएसीएस २९७१ हा खपली गव्हाचा वाणही विकसित केला आहे. खपली गहू हे उत्तम व पौष्टिक धान्य आहे, यात शंका नाही. परंतु तो 'ग्लुटेनमुक्त' आहे, असा जो समज बाजारात पसरला आहे, तो चुकीचा आहे. खपली हा गहूच असून त्यात ग्लुटेन असते. निरोगी माणसाने तो आनंदाने खावा. सिलिॲक रुग्णाला मात्र तो इतर गव्हाइतकाच वर्ज्य आहे.

आहारोपचार : पथ्य आणि परंपरा :

सिलिॲक विकारावर आजमितीस ग्लुटेनविरहित आहार हाच सिद्ध उपचार आहे व तो आयुष्यभर पाळावा लागतो. पथ्यात किती काटेकोरपणा हवा, याची कल्पना एका उदाहरणाने येईल. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास अस्तराची हानी होते, असे दिसून आले. एवढे ग्लुटेन साधारणतः अर्धा ग्रॅम कणकेत, म्हणजे चिमूटभर पिठात असते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात ग्लुटेनचे प्रमाण प्रति किलो २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे बंधन आहे.

मराठी स्वयंपाकघर या दृष्टीने सुदैवी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, मका व सर्व डाळी नैसर्गिकरीत्या ग्लुटेनविरहित आहेत. भाकरी-पिठले, वरण-भात, आंबोळी, घावन, पोहे, नाचणीची आंबील आणि उपवासाचे बहुतेक पदार्थ सिलिॲक रुग्णाला चालतात. यकृतातील चरबीचा धोका लक्षात घेता भात व साबुदाण्यापेक्षा भाकरी व डाळी यांवर भर देणे अधिक श्रेयस्कर होय.

अडचण येते ती नकळत पोटात जाणाऱ्या गव्हाची. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या व इतर भाजण्यांत तो अनेकदा घातला जातो. सातूच्या पिठातही तो असतो. बाजारातील बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असू शकते. माल्टयुक्त पेयांत जव असतो. याहून मोठा प्रश्न पिठाच्या गिरणीचा आहे. गव्हाच्या दळणापाठोपाठ त्याच जात्यात ज्वारी दळली गेली, तर त्या ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ येणारच. अशा घरांनी शक्यतो घरगुती चक्की वापरावी किंवा ज्वारी-बाजरीसाठी वेगळे जाते राखणारी गिरणी शोधावी. भाकरीचा तवा, परात व पोळपाट वेगळे ठेवावेत. आहाराचे नियोजन आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्हावे आणि यकृतविकरांची तपासणी ठरावीक अंतराने होत राहावी. वर्षभर पथ्य पाळूनही ती पूर्ववत न झाल्यास दोन शक्यता तपासाव्या लागतात : पथ्यात कोठे नकळत चूक होत आहे का, किंवा यकृताला दुसरा स्वतंत्र आजार आहे का.

पथ्याची सामाजिक बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. सत्यनारायणाचा शिरा, हळदीकुंकवाची करंजी, लग्नातील पंगत या गोष्टी नाकारणे म्हणजे आग्रह करणाऱ्याचा अपमान, असे मानणाऱ्या समाजात 'एक घास खाल्ल्याने काय होते' या प्रश्नाला रुग्णाला वारंवार तोंड द्यावे लागते. यकृताच्या दृष्टीने त्या एका घासाला अर्थ असतो, हे कुटुंबाने व परिसराने समजून घेतले तरच पथ्य टिकते.

महाविद्यालयीन परिसराची भूमिका :

हा विषय केवळ वैद्यकीय व्यावसायिकांचा नाही. वारंवार आजारी पडणारा, अशक्तपणामुळे तासांना गैरहजर राहणारा, रक्तक्षय न हटणारा विद्यार्थी सर्वप्रथम प्राध्यापकांच्याच दृष्टीस पडतो. अशा विद्यार्थ्याला आळशी ठरविण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीचा सल्ला देणे हे प्राध्यापकांना सहज शक्य आहे. निदान झालेल्या विद्यार्थ्यासाठी वसतिगृहाच्या भोजनालयात स्वतंत्र तव्यावरची भाकरी उपलब्ध करून देणे फार खर्चाचे काम नाही. गृहविज्ञान, अन्नतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र व समाजशास्त्र या विभागांना गिरणीतील पिठाची सरमिसळ, भाजण्यांची घटकयादी किंवा पथ्याचे सामाजिक परिणाम असे विषय विद्यार्थी प्रकल्पांसाठी घेता येतील.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. सिलिॲक विकार हा केवळ आतड्याचा आजार नसून त्याचा यकृतावरील परिणाम सौम्य बिघाडापासून गंभीर आजारापर्यंत असू शकतो. कारण न सापडलेल्या यकृतबिघाडात त्याची तपासणी होणे आवश्यक आहे. आहाराने बहुसंख्य रुग्णांचे यकृत सुधारते. परंतु स्वयंप्रतिकार यकृतविकार असल्यास औषधोपचार अपरिहार्य ठरतो. आणि गहू हा सर्वांचा शत्रू नसून ज्यांना तो सोसत नाही, त्यांची अचूक ओळख पटविणे हे खरे कार्य आहे.

पितळी भांड्यातील दूध हे एकेकाळी संपन्नतेचे व मायेचे चिन्ह होते. त्याविषयी शंका घेणे कोणाच्या मनातही आले नव्हते. पुण्यातील डॉक्टरांनी आजारी बालकाच्या यकृतावरून नजर उचलून त्याच्या घरच्या चुलीकडे पाहिले, म्हणून तो आजार इतिहासजमा होऊ शकला. 'कारण अज्ञात' असा शेरा लिहिण्यापूर्वी रुग्णाच्या ताटात काय असते, हा साधा प्रश्न विचारण्याची तीच परंपरा पुढे चालविण्याची आवश्यकता आज सिलिॲक विकाराच्या संदर्भात निर्माण झाली आहे.